प्रार्थनेतला थांबा

शाळेत रुजू झाले त्या सकाळी मी तिथली प्रार्थना पहिल्यांदा ऐकली आणि मला वाटलं, अख्ख्या शाळेला एकदम उचकी लागली. तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं छान चाललं होतं. चाल सुरेख, पोरांचे आवाज खणखणीत. मग ‘मंगल’ हा शब्द आला. मुलं ‘मं’ म्हणाली, थांबली, मांडीवर एक थाप मारली आणि मग ‘गल’ म्हणून पुढे निघाली. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी. शिक्षकही. मुख्याध्यापकांनी तर डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने थाप मारली.

मी संगीतशिक्षिका म्हणून नेमलेली, त्यामुळे हा प्रकार माझ्याच खात्यात जमा होणार हे उघड होतं. प्रार्थना संपल्यावर मी मुख्याध्यापकांना विचारलं, ‘‘मध्येच थांबतात कशासाठी?’’

‘‘पद्धत आहे ती, बाई.’’

‘‘पण शब्द तुटतो ना. ‘मं’ म्हणजे काय? ‘गल’ म्हणजे काय?’’

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गाभाऱ्यात चपला घालून शिरले होते.

खुलासा केला शाळेच्या शिपायाने, पेटीवरची धूळ झटकता झटकता. माझ्या आधी इथे गाणं शिकवायला एक गुरुजी होते. ही चाल त्यांनीच लावलेली. शाळेची पेटी जुनी, आणि आमच्याकडच्या दमट हवेत तिचा एक सूर, कोमल निषाद, दाबला तरी बोलायचा नाही. त्या चालीत कोमल निषाद एकदाच येतो, नेमका ‘मंगल’च्या मधोमध. ‘‘गुरुजी मग भाता सोडून डाव्या हातान पेटीला थाप मारायचे, का तो बोलायचा,’’ शिपाई म्हणाला. ‘‘तवर पोरा थांबायची. दुसरा काय करनार?’’

गुरुजी थाप मारायचे म्हणून पोरं थांबायची, आणि गुरुजी मारतात म्हणून पोरंही मारायची. गुरुजी मी येण्याआधीच वारले. शाळेत त्यांचा फोटो नव्हता. दिसायला कसे होते असं मी एकदा विचारलं, तर शिपाई म्हणाला उंच, कारकून म्हणाले ठेंगणे, आणि मुख्याध्यापकांनी विषय बदलला. माणूस पुरता विसरला गेला होता. राहिली होती ती त्याच्या पेटीतली खोट.

मला याचा किती संताप आला हे समजायला माझं बालपण ठाऊक असायला हवं. मी पोफळीच्या कॉलनीत वाढले. वडील तिथल्या, डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कामाला होते. आमच्याकडे सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की वडील निघायचे, भोंगा झाला की आई कुकर लावायची. मला गाणं शिकवणाऱ्या बाई वीजघरातल्याच एका साहेबांच्या पत्नी. सूर जरा खाली लागला तर त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवायच्या, आणि तो चष्मा परत डोळ्यांवर चढेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांच्या तालमीतून निघालेली बाई शब्दाच्या पोटात मारलेली थाप कशी सहन करणार? मी ठरवलं, दिवाळीच्या आत ही खोड मोडायची.

पेटी मिरजेला पाठवली. ती नवरीसारखी नटून परत आली, कोमल निषाद नुसत्या स्पर्शाने बोलू लागला. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसले आणि ‘मंगल’वरून सरळ पुढे गेले. मुलं थांबली, थाप मारली आणि मागून येऊन मला गाठलं. नंतरचे कित्येक दिवस असंच चाललं: मी पुढे, शाळा मागे. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली की नव्या बाईंना तालाचं अंग नाही.

मी मुलांना समजावलं. पेटी दाखवली, सूर वाजवून दाखवला, शब्दाचा अर्थ सांगितला. मुलं मान डोलवायची, ‘‘हो बाई’’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी थाप मारायची. यात त्यांचा दोष नव्हता. ती प्रार्थना त्यांना मी शिकवलेलीच नव्हती. इथली पोरं ती शाळेत येण्यापूर्वीच शिकतात. गणपतीत वाडीवाडीतून आरत्या झाल्या की शेवटी आमच्या शाळेची प्रार्थना होते, कारण घरातली आई, काका, आजोबा सगळे याच शाळेतले. मुंबईला असलेल्या गावकऱ्यांचं मंडळ आहे, त्यांच्या सभाही याच प्रार्थनेने सुरू होतात. तिथेसुद्धा ‘मं’, थाप, ‘गल’. अंगणवाडीत जायच्या वयाचं पोर, ज्याला ‘मंगल’ हा एक शब्द आहे हेही ठाऊक नाही, ते चुकत नाही थाप मारायला.

शेवटी मीच हात टेकले. थांबू लागले. नुसती थांबले तर पोरं एकत्र उचलायची नाहीत, कुणी आधी, कुणी नंतर; म्हणून मग मीही भात्यावरचा डावा हात सोडून पेटीला थाप देऊ लागले. सूर बोलत असलेल्या, धडधाकट पेटीला! रोज सकाळी माझ्या चष्मेवाल्या बाई डोळ्यांसमोर यायच्या. अशीच माझी सगळी नोकरी सरली. मुख्याध्यापक बदलले, शिपाई तेवढा तोच राहिला. मुलांनी बक्षिसं आणली, दोघीतिघी गाण्याच्या परीक्षा देऊन पुढे गेल्या, लोक नमस्कार करू लागले. पण निवृत्ती जवळ आली तशी एकच गोष्ट मनाला लागून राहिली. ती प्रार्थना एकदा, एकदाच, शेवटपर्यंत सरळ ऐकायची होती. मला दुसरा सत्कार नको होता.

अशात मुंबईच्या मंडळाने शाळेला भेट म्हणून काही द्यायचं ठरवलं आणि काय हवं ते विचारलं. मुख्याध्यापकांना कमान हवी होती, वर शाळेचं नाव असलेली. मी त्यांच्याआधी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला आणि आधुनिक संगीतशिक्षण या विषयावर असं काही बोलले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मला आधुनिक शिक्षणाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. एका जिल्ह्याच्या शिबिरात मी एक भिंतीवरचा मोठा पडदा पाहिला होता. त्याच्यासमोर गायलं की तो तुमच्या सुराची रेघ काढतो. सूर बरोबर असेल तर हिरवी, चुकला तर लाल, आणि थांबलात तर रेघ तुटते. ती तुटलेली रेघ पाहिल्यापासून मला झोप नव्हती.

गणपतीला चाकरमानी आले तेव्हा टेम्पोतून सामान आलं. एक पडदा, मोठा स्पीकर आणि एक इलेक्ट्रिक की-बोर्ड. मुख्याध्यापकांनी तिन्हींना हात लावून नमस्कार केला आणि नियम जाहीर केला: लोकार्पण होईपर्यंत काहीही वापरायचं नाही. लोकार्पण डिसेंबरात, स्नेहसंमेलनाला, अध्यक्षांच्या हस्ते.

‘‘सर, मग मुलं त्याच्यावर तयारी कधी करणार?’’

‘‘लोकार्पणानंतर.’’

‘‘पण लोकार्पणाला मुलं त्याच्यावर गाणार आहेत.’’

यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मधला मार्ग काढला. पडदा वापरायचा, पण त्याच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही. म्हणजे वापरला आणि नाहीही. की-बोर्ड मात्र कपाटातच राहील. त्या कपाटात दमटपणा नको म्हणून अहोरात्र एक बल्ब पेटता असायचा. आमच्याकडे कॅमेरे, बुरशी धरणारी पुस्तकं आणि लग्नातले शालू असेच ठेवतात. की-बोर्ड तिथे अंड्यासारखा उबेत राहिला.

मध्ये एकदाच तो बाहेर निघाला, दसऱ्याच्या पूजेला. शाळेत त्या दिवशी सरस्वती काढतात, तिच्यापुढे पाट्या, पुस्तकं, विज्ञानाच्या खोलीतलं भिंग, माझी पेटी आणि तबला. आता की-बोर्डही मांडला, उघडा. नव्या वस्तूचा मान म्हणून मधोमध. पूजा मुख्याध्यापकांनी केली आणि अक्षता वाहायला शिपाई पुढे झाला. त्याचा हात सढळ.

‘‘अहो, पट्ट्यांवर नको!’’ मी ओरडले. ‘‘बाजूला वाहा, बाजूला!’’

‘‘ओ बाई, देवाला काय बाजूला वाह्यचा असता?’’ त्याने मूठभर तांदूळ, हळदीकुंकवासकट, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर सोडले. वर झेंडूचं फूल ठेवलं.

मी पदराने सगळं झटकून काढलं. निदान मला तसं वाटलं. मग की-बोर्ड परत उबेत गेला.

पडद्यापुढे मात्र चमत्कार घडत होता. मी सरळ प्रार्थना त्यात भरून ठेवली होती. मुलं गायला लागली की प्लास्टिकमागे धूसर हिरवी रेघ सरकू लागायची. ‘मं’ झालं, मुलं थांबली, की रेघ तुटायची, आणि थापेचा एक लाल ठिपका खाली उमटायचा. मग आतली बाई गोड आवाजात म्हणायची, ‘‘छान प्रयत्न! पुन्हा म्हणा.’’ पहिल्या दिवशी पोरं हसून लोळली. दुसऱ्या दिवशी एकमेकांना ढोसू लागली, ‘‘तुझ्यामुळे तुटली रे.’’ तिसऱ्या आठवड्यात सातवीच्या वर्गाने अखंड हिरवी रेघ काढली आणि कबड्डी जिंकल्यासारखा आरडाओरडा केला. दिवाळीनंतर सगळ्या वर्गांची रेघ सलग येऊ लागली.

मी खूश व्हायला हवं होतं, आणि झालेही. पण जिवाला लागलंच. मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, अर्थ सांगितला, पेटी मिरजेला पाठवली, तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि या प्लास्टिकमधल्या बाईने नुसतं ‘छान प्रयत्न’ म्हणून काम फत्ते केलं. तिला राग येत नव्हता ना, म्हणून. मला तो नेहमीच फार येत आला.

मुलांच्या घरून विरोध झाला. एक आजी शाळेत आली, आठवीतल्या नातीला घेऊन. ‘‘बाई, ही आता थापच मारत नाय. मारायला सांगतला तर बोलते, रेघ तुटते. असा कसा चालेल? आमची प्रार्थना हाय ती.’’

‘‘आजी, ती चूक होती. पेटी बिघडलेली होती.’’

‘‘पेटीचा पेटीकडं,’’ आजी म्हणाली. ‘‘आम्ही मारताव ना?’’ आणि नातीला घेऊन निघून गेली.

स्नेहसंमेलनाचा दिवस आला. पटांगणात मांडव, मुंबईहून दोन गाड्या भरून मंडळाची माणसं, व्यासपीठावर पडदा. अध्यक्षांनी फीत कापली, मग मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने पडद्याचं प्लास्टिक काढलं. ते त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, हे मी पाहिलं. पडदा झळाळला. मुलं रांगेत उभी राहिली. मी बटण दाबायला बोट पुढे केलं आणि लाईट गेली.

माझे वडील आयुष्यभर डोंगराच्या पोटात बसून साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवत होते. त्यांच्या लेकीच्या आयुष्यातल्या एकमेव महत्त्वाच्या क्षणी वीज गेली. जनरेटर सांगायचा राहून गेला होता, कारण प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्याने सांगितलाय. पेटी आणावी म्हटलं, तर ती संमेलनाच्या गडबडीत सामानाच्या खोलीत, बाकांच्या ढिगाखाली गेली होती. मग मुख्याध्यापकांना आठवलं की की-बोर्ड सेलवरही चालतो. सेल कुठे होते? शिपाई धावत गेला आणि वर्गावर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळांतले सेल काढून घेऊन आला. त्या दिवशी शाळेतलं एकही घड्याळ चालत नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

की-बोर्ड उबेतून बाहेर निघाला. मी एक सूर दाबला, वाजला. बरं वाटलं. प्रार्थनेला सगळा मांडव उभा राहिला, कारण सगळा मांडव याच शाळेतला. सुरुवात झाली. पुढे मुलं, मागे त्यांचे आईबाप, आज्या, मुंबईचे पाहुणे, सगळे गाऊ लागले. तिसरी ओळ. ‘मंगल’.

मुलं सरळ गेली. एकाही पोराने थाप मारली नाही. ‘मंगल’ हा शब्द मी त्या पटांगणात पहिल्यांदा अख्खा ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण मागून धाडकन आवाज आला. मांडवभर माणसांनी मांडीवर थाप मारली होती. मोठी माणसं थांबली, मग ‘गल’ म्हणाली, आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरं पुढे गेली आहेत. गाठायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जन्माची सवय, जमेना. मुलं दोन मात्रा पुढे, गाव दोन मात्रा मागे. दरीत हाक मारावी आणि ती परत यावी, तसं ऐकू येत होतं. व्यासपीठावर अध्यक्षांचा चेहरा पडला होता. ते गात होते, पण रस्ता चुकलेल्या माणसासारखे इकडेतिकडे पाहत होते. मी मनात म्हटलं, असू दे. मला माझी प्रार्थना सरळ मिळाली. आता फक्त शेवटची ओळ.

शेवटच्या ओळीत, ‘चरणी’ या शब्दावर, ती चाल एकदाच वरच्या गंधारापर्यंत चढते. मी गंधाराची पट्टी दाबली. ती खाली गेली नाही. पुन्हा दाबली. मधेच काहीतरी आडवं होतं, टणक. मला त्याच क्षणी कळलं ते काय आहे. हळदीकुंकवासकट.

मी थांबायला नको होतं. सूर वाजला नसता तरी मुलं गायली असती, त्यांना येत होतं. पण मी काही ठरवायच्या आत माझा डावा हात उठला आणि की-बोर्डला खाडकन थाप बसली. दाणा हलला, गंधार वाजला. आणि थाप ऐकताच सगळी मुलं जागच्या जागी थांबली. ‘चर’. दोन मात्रा शांत. तेवढ्यात मागून गाव येऊन पोचलं, आणि ‘णी’ सगळ्यांनी मिळून म्हटलं. पोरं, आज्या, अध्यक्ष, शिपाई, सगळे एका सुरात, एका तालात. प्रार्थना संपली तेव्हा मांडवात असा टाळ्यांचा कडकडाट झाला की माझ्या एकाही कार्यक्रमाला तसा झाला नव्हता.

अध्यक्षांनी भाषणात माझं कौतुक केलं. जुनी पिढी मागे राहिली होती, बाईंनी युक्तीने नव्या पिढीला थांबवलं आणि सर्वांना एकत्र आणलं, असं ते म्हणाले. ‘‘ह्याला म्हणतात संगीतशिक्षण!’’ मला शाल दिली. मी हात जोडून उभी होते आणि मनात त्या शिपायाला लाखोली वाहत होते.

तरीही एक दाणा म्हणजे काय मोठं संकट? की-बोर्ड उघडायचा, झटकायचा. पण मुख्याध्यापकांनी मागे चिकटवलेली चिठ्ठी मला वाचून दाखवली. सील तोडलं तर वॉरंटी जाते. दान दिलेल्या वस्तूची वॉरंटी घालवली हे मंडळाला कोण सांगणार? बरं, पेटी वापरावी, तर ते म्हणाले, मंडळाची माणसं येता-जाता डोकावतात, त्यांची वस्तू दिसली पाहिजे. आणि पडदा? तो मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. जिल्ह्याच्या ऑनलाईन सभांना तो फार उपयोगी पडतो. प्लास्टिक त्यांनी परत चढवलं.

म्हणून मग रोज सकाळी मी की-बोर्डवर बसले, आणि रोज ‘चरणी’वर तो गंधार अडला. न वाजवता पुढे जायचं मी खूपदा ठरवायचे. हात ऐकायचा नाही. निवृत्तीपर्यंत सकाळमागून सकाळ ‘चर’, थाप, ‘णी’. मुलं आधी हसली, मग थांबली, मग मांडीवर थाप मारू लागली. ‘मंगल’ सरळ म्हणायची, अगदी स्वच्छ. एक खोट काढायला मी जन्म घालवला आणि जाताना दुसरी बसवून गेले.

निवृत्तीनंतर मी राजापुरात राहते. पुढच्या गणपतीत गावातून आरतीचं बोलावणं आलं. ज्या आजीने माझ्याशी वाद घातला होता, तिच्याच घरी. आरत्या झाल्या, प्रार्थना सुरू झाली. ‘मंगल’वर आजी आणि तिच्या वयाच्या सगळ्यांनी थाप मारली, पोरं त्यांच्यासाठी थांबली. ‘चरणी’वर पोरांनी थाप मारली, म्हातारी त्यांच्यासाठी थांबली. कुठे गडबड नाही, कुठे रुसवा नाही. हे सगळं त्यांनी आपापसात कधी ठरवलं होतं कोण जाणे.

प्रसाद घेताना मी आजीला विचारलं, ‘‘आता दोन दोन ठिकाणी थांबता?’’

‘‘मग? ती गुरुजींची, ही तुमची,’’ आजी म्हणाली. एवढं सांगून ती मोदक वाढायला गेली.

मी तिथेच पाटावर बसून राहिले. तिच्या सुनेच्या कडेवर एक पोरगी होती, शाळेत जायला तिला अजून काही वर्षं आहेत, मला तिने कधी पाहिलं नव्हतं. ती आईच्या खांद्यावर थापा मारत ‘चर... णी, चर... णी’ म्हणत होती. मी इतकी वर्षं या गावाला सूर शिकवले, ताल शिकवला, शुद्ध शब्द शिकवले. त्यातलं काय राहील कोण जाणे. हे राहणार, हे मला दिसत होतं. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगू, फार बरंही वाटलं.

परवा शाळेतून नव्या संगीतशिक्षिकेचा फोन आला. अजून आमची भेट नाही, आवाजावरून तरुण वाटली, चटपटीत आणि जराशी चिडकी. वॉरंटी संपली म्हणून तिने की-बोर्ड उघडवून घेतला होता. ‘‘बाई, आत चक्क तांदळाचा दाणा निघाला! लाल झालेला. आता सगळे सूर व्यवस्थित वाजतात. पण मुलं अजून ‘चरणी’च्या मधे थांबतात हो. थाप मारतात. शब्द तुटतो. मुख्याध्यापक म्हणतात, पद्धत आहे. तुम्हाला काही माहीत आहे का, हे कुठून आलं?’’

‘‘बिघडलेली पट्टी होती,’’ मी म्हटलं.

‘‘तेच. मी ठरवलंय, दिवाळीच्या आत ही खोड मोडायची. बरोबर ना?’’

‘‘अगदी बरोबर,’’ मी म्हटलं. ‘‘जरूर मोडा.’’ तिला दोन युक्त्याही सांगितल्या, पडदा मुख्याध्यापकांच्या खोलीतून कसा सोडवून घ्यायचा तेही सांगितलं. मग फोन ठेवला, देवघरापुढे गेले आणि हात जोडून म्हटलं, हिला जमू देऊ नकोस.